पोह्यांचा दोष नाही, वरच्या जीरावनाचा आहे

इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका मुलाने विचारलं आहे: आईचं वय 67, डायबेटिस 18 वर्षांपासून, वजन 54 किलो. ताज्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) 1.9, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) 28, पोटॅशियम 5.6. तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी "किडनीवाल्यांनी काय खाऊ नये" अशी छापील यादी हातात दिली. त्यात केळं, संत्रं, टोमॅटो, बटाटा, डाळ, दूध, सुकामेवा, पालेभाजी सगळंच बंद. जेवणाचं कसंबसं भागतं, पण सकाळचा नाश्ता आणि दुपारी चारचं खाणं यात द्यावं काय ते कळत नाही. आई चहाबरोबर दोन खारी बिस्किटं खाते आणि म्हणते, "एवढंच तर चालतं ना मला." वजन चार किलोने उतरलं आहे.

मी इंदुरात 22 वर्षं किडनीच्या पेशंटांचा आहार बघते. हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पोटॅशियमचं बोलू, कारण तेवढी एक गोष्ट थांबणारी नाही. 5.6 हा वाढलेला आकडा खाण्याच्या वहीत लिहून ठेवायचा नाही, डॉक्टरांना फोन करून सांगायचा. रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या तरी आकडा वर दिसतो, त्यामुळे बहुतेक वेळा तपासणी पुन्हा करतात. मग औषधांकडे बघतात. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं पोटॅशियम वाढवतात, पण पहिली दोन किडनीला जपण्यासाठीच दिलेली असतात, म्हणून घरच्या घरी बंद करायची नाहीत. साखर फार वर असेल, रक्तात आम्ल वाढलं असेल, पोट साफ होत नसेल, तरी पोटॅशियम चढतं. हो, बद्धकोष्ठसुद्धा. किडनी थकली की आतडी पोटॅशियम बाहेर टाकायचं थोडं काम उचलतात, आणि तीच अडली तर ते अंगात राहतं. हे कुणी विचारत नाही आणि पेशंट लाजून सांगत नाहीत. आकडा 6 च्या घरात गेला, हातपाय एकदम गळाले किंवा छातीत धडधड सुरू झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तेव्हा "उद्या बघू" नाही.

आता ती यादी. खरं सांगायचं तर सुरुवातीच्या वर्षांत मीही अशीच यादी देत होते. दोन कॉलम, हिरवा आणि लाल. लोक लाल कॉलम पाठ करायचे, हिरव्यातलं त्यांना आवडायचं नाही, आणि महिन्याभरात माणूस सुकत जायचा. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात खटकलेला आकडा पोटॅशियमचा नाही, तीन महिन्यांत उतरलेल्या चार किलोंचा आहे. डायलिसिस नसलेल्या पेशंटला प्रथिनं मोजून द्यायची असतात, किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम, म्हणजे आईंना दिवसाला 43 ग्रॅमच्या आसपास. पण उष्मांक कमी करायचे नसतात. किलोमागे 25 ते 35 कॅलरी हव्याच. त्या नाही मिळाल्या तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, आणि त्या मोडतोडीचा कचरा पुन्हा किडनीलाच उपसावा लागतो. म्हणून चारचं खाणं हे लाड नाहीत. जेवणात राहिलेल्या तीनशे कॅलरी भरून काढायची ती वेळ आहे.

आणि यादीत एक गोष्ट नव्हती. मीठ.

हा इंदूरचा खास रोग आहे. आपल्याकडे खाण्याची गोष्ट क्वचितच वाईट असते, तिच्यावर जे भुरभुरतात ते नडतं. सकाळी साडेसातला कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीसमोर उभं राहून बघा. खाली पाण्याचं भांडं उकळतंय, वरच्या परातीत बडीशेप घातलेले पिवळे, वाफाळते पोहे. इथपर्यंत किडनीच्या पेशंटला हरकत घ्यावी असं फारसं काही नाही. तांदूळ, थोडं तेल, हळद. पोटॅशियम कमी, फॉस्फरस बेताचा. मग भैया मूठभर शेव टाकतो, कांदा टाकतो, आणि छिद्राच्या डबीतून जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला, झटकतो. आपण वर म्हणतो, "भैया, जीरावन जरा ज्यादा." आता हिशेब करू. दिवसाला सोडियम 2000 मिलिग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ, एक सपाट चहाचा चमचा. पोह्यांत शिजताना गेलेलं एक-सव्वा ग्रॅम मीठ, म्हणजे 400 ते 500 मिलिग्रॅम सोडियम. 30 ग्रॅम शेवेतून आणखी 200 ते 300. अर्ध्या चमचा जीरावनात निम्मं मीठ आणि काळं मीठ धरलं तर तेही 300 च्या आसपास. दिवस उजाडून दोन तास झाले नाहीत आणि निम्मा कोटा उडाला. हा माझा ढोबळ अंदाज आहे, पण पुष्कळ गाड्यांवर तो कमीच भरेल.

एक काकू रिपोर्टच्या पिशवीत जीरावनाची पुडी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "घरात मीठ अगदी बंद केलंय, म्हणून सगळ्यावर हे घालते." पुडीवर घटक छापलेले होते, धने-जिऱ्याच्या पाठोपाठ काळं मीठ आणि मीठ. त्यांनी चष्मा वर करून ते तीनदा वाचलं आणि मला म्हणाल्या, "मग याला मसाला कशाला म्हणतात?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सैंधव आणि काळं मीठ याबद्दल एकदाच सांगते. दोन्ही सोडियम क्लोराइडच आहेत. उपासाला चालतं म्हणून किडनीला चालतं असं नाही. आणि "लो सोडियम" म्हणून जे मीठ मिळतं त्याला तर तुमच्या घरात बंदीच. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि या क्लोराइडच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 520 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. आईंनी केळं सोडलं आणि कुणी चांगल्या मनाने हे मीठ आणून दिलं असेल, तर 5.6 कुठून आलं ते तिथेच सापडेल. स्वयंपाकघरात जाऊन पाकीट उलटून बघा.

मी घरी करायला सांगते ते असं. सकाळी एका छोट्या झाकणाच्या डबीत आईंसाठी एक सपाट चमचा मीठ काढून ठेवायचं, आणि ते भरायचं नाही. खारी, ब्रेड, शेव यांतून जे आत जाणार त्याच्यासाठी त्यातलं चिमूटभर आधीच परत डब्यात टाकायचं. भाजी, आमटी, पोहे, सगळं त्या डबीतून. आईंचा वाटा वेगळा काढून मीठ शेवटी वरून घालायचं, कारण शिजताना मुरलेलं मीठ जिभेला कमी कळतं, वरचं पटकन कळतं. पहिले आठ-दहा दिवस सगळं अळणी लागेल आणि घरात कुरबुर होईल. तीन-चार आठवड्यांत जीभ बदलते. पेशंट स्वतः येऊन सांगतात की आता लग्नातलं जेवण खारट लागतं.

आता त्या दोन खारींकडे येऊ. आईंना वाटतं ती निरुपद्रवी आहेत. मैदा, वनस्पती तूप आणि मीठ, यापलीकडे त्यात काही नाही. पोषण म्हणाल तर शून्य, आणि सोडियम नाव काढण्यासारखं. त्यापेक्षा बिनमिठाची पोळी तव्यावर कडक भाजून, वर चमचाभर साजूक तूप आणि दाताखाली येईल एवढं जिरं, हे चहाबरोबर उत्तम लागतं. माझ्या सासूबाई याला "कडाकणी पोळी" म्हणायच्या. हे नाव कुठून आलं ते ठाऊक नाही.

चार वाजता काय द्यायचं, तर या आठवड्यापुरतं मी असं करेन. एक दिवस पातळ पोह्यांचा चिवडा, घरी केलेला. पोहे कोरडे भाजून घ्यायचे, दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, भरपूर कढीपत्ता, सुकी मिरची, हळद, थोडं डाळं. शेंगदाणे पाच-सहाच, दिसण्यापुरते. मिठाऐवजी चिमूटभर आमचूर, आणि खाताना लिंबू पिळायचं. लिंबाला घाबरू नका, चमचाभर रसात पोटॅशियम नगण्य असतं. कोथिंबिरीलाही घाबरतात लोक. चार काड्यांनी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी तांदळाची उकड, लसूण-मिरचीची फोडणी आणि अर्धी वाटी ताक, वर कच्चं तेल. उकड ही किडनीच्या पेशंटसाठीच शोधली असावी असं मला कधीकधी वाटतं. मऊ, पोटभरीची, आणि ताकाच्या आंबटपणामुळे मीठ कमी पडलेलं कळत नाही. मग दुधी किंवा कोबी किसून घातलेलं तांदळाचं धिरडं, कांद्याचा सांजा, साळीच्या लाह्या. मुरमुरेही चालतील, पण नुसता एक दाणा जिभेवर ठेवून बघा. पुष्कळदा भाजण्याआधी त्यांना मिठाचं पाणी लावलेलं असतं. खारट लागला तर तो दुकानदार सोडा, लाह्या घ्या.

आई डायबेटिक आहेत, त्यामुळे हे तांदळाचे पदार्थ एका वाटीपुरतेच. भूक राहिली तर तांदूळ वाढवू नका, तेला-तुपाचा एक चमचा वाढवा. वजन उतरलेल्या पेशंटला हे मी मुद्दाम सांगते, कारण बायका तेलाच्या बाबतीत फार कंजूष होतात. कोलेस्टेरॉलचं किंवा हृदयाचं आणखी काही असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

शेव अगदीच सुटणार नसेल, कारण इंदुरात शेवेशिवाय ताट म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ, तर एक चहाचा चमचा, मोजून, आणि त्या दिवशी डबीतलं मीठ तेवढं कमी. पाकिटावर सोडियमचा आकडा छापणं आपल्याकडे आता बंधनकारक आहे. तो 100 ग्रॅमला किती ते बघा. 600 ते 1000 मिलिग्रॅम नमकीनमध्ये सहज दिसतं. पोटॅशियम आणि फॉस्फरस मात्र पाकिटावर बहुधा नसतातच. तिथे घटकांच्या बारीक अक्षरांत आयएनएस (पदार्थात वरून मिसळलेल्या द्रव्यांचे ठरलेले क्रमांक) 338 ते 341 आणि 450 ते 452 शोधायचे. हे सगळे फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसच, आणि तोही थकलेल्या किडनीला उपसायला जड जातो. डाळी-दाण्यांतला फॉस्फरस शरीर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी शोषतं, पण हा मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ पूर्ण शोषला जातो. चीज स्लाइस, काळी कोला, काही तयार केक-मिक्स यांत तो असतो. म्हणजे मुगाचं धिरडं बंद करून आईंना चीज सँडविच देणं हा उलटा व्यवहार झाला. आयएनएस 508 दिसलं तर ते पोटॅशियम क्लोराइड, वर सांगितलेलंच.

फळं सरसकट बंद करण्याचा काळ गेला. भाज्या-फळांतलं पोटॅशियम अंगात पूर्ण उतरत नाही, शिवाय त्यांच्या चोथ्याने पोट साफ राहतं. पण 5.6 असताना निवडून द्यायची. 100 ग्रॅममागे सफरचंदात पोटॅशियम सुमारे 107 मिलिग्रॅम, नाशपातीत 116, अननसात 109. केळ्यात 358 आणि पेरूत 417. तेव्हा सध्या अर्धं सफरचंद किंवा एक छोटी नाशपाती, साल ठेवून. पपईची लहान फोड आकडा उतरल्यावर. ज्यूस कुठलाच नाही, आणि शहाळं तर बिलकूल नाही. "थंड असतं, लघवी साफ होते" म्हणून शहाळं पाजणारे नातेवाईक मी किती पाहिले असतील. एका शहाळ्यातून 500 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम सहज जातं.

एका फळाला मात्र कुठल्याही आकड्यावर हात लावायचा नाही: कमरख. ते पाच धारांचं, कापलं की चांदणीसारखं दिसणारं, शाळांबाहेर मीठ-मिरची लावून मिळतं ते. त्यात कॅरँबॉक्सिन नावाचं मज्जासंस्थेला विषारी द्रव्य असतं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते, थकलेली टाकू शकत नाही. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, आणि माणूस दगावूही शकतो. नातवाच्या हातातली एक फोडही नको.

मखाण्याबद्दल हल्ली सगळेच विचारतात. लोक त्याला कमळाचं बी समजतात, पण मखाणा दुसऱ्याच एका पाणवनस्पतीचं बी आहे, कमळबीचे आकडे त्याला लावू नका. शिवाय तो वजनाला इतका हलका की वाटीभर म्हणजे 12-15 ग्रॅम. एवढा, घरी तुपात परतलेला, बिनमिठाचा चालतो. पाकिटातला "पेरी पेरी" नाही. गुळाबद्दल: साखरेत पोटॅशियम जवळजवळ नसतं, गुळात भरपूर असतं. गूळ "नैसर्गिक" म्हणून जो मान मिळवतो तो किडनीच्या पेशंटच्या घरी मिळवत नाही, आणि शेंगदाण्याची चिक्की म्हणजे गूळ आणि दाणे दोन्ही एकत्र.

उपासाचं विचारलं नाहीत, पण मराठी घर आहे, एकादशी-चतुर्थी असणारच. शाबुदाणा स्वतः निव्वळ स्टार्च, पोटॅशियम नसल्यासारखं. खिचडी बिघडवतात ते दाण्याचं कूट आणि बटाटा. आणि सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, खिचडीवर तर वरून चिप्स-मिक्स्चर आणि मसालाही पडतो. घरी कूट एक चमचा, बटाट्याऐवजी काकडीची कोशिंबीर बाजूला. मोरधन चालेल, आपण त्याला वरीचे तांदूळ म्हणतो तेच. राजगिरा, शिंगाडा, रताळं, खजूर हे सध्या नको. शाबुदाण्याने साखर झपाट्याने चढते, त्यामुळे लहान वाटी. आणि इन्सुलिन चालू असेल तर निर्जळी वगैरे विषयच काढू नका.

बटाटा हवाच असेल तर साल काढून, लहान फोडी करून, भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं. पोटॅशियम निम्म्याच्या आसपास उतरतं, किसून उकळला तर आणखी. नुसता रात्रभर भिजत घालून फारसं साधत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. कुकरमध्ये अख्खा सालासकट उकडला तर जिथल्या तिथे.

थंडीत गराडूचा प्रश्न येतो. तो कंद आहे, पोटॅशियमने भरलेला, तळून वर जीरावन आणि लिंबू. आईंना या हिवाळ्यात नाही. हे सांगताना मलाच वाईट वाटतं, कारण डिसेंबरात सराफ्यात गराडू न खाणं म्हणजे काय ते इंदूरकरालाच कळेल. भुट्ट्याचा कीस मात्र घरी कमी दुधात, कमी मिठात केला तर महिन्यातून एखाद-दोनदा चार चमचे चालेल. शिकंजी नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना ती लिंबाची वाटते, आपली असते आटवलेल्या दुधाची, सुक्यामेव्याची, साखरेची. खमण-ढोकळ्यात मिठाबरोबर सोडाही असतो, आणि तोही सोडियमच. एका चमचा खाण्याच्या सोड्यात 1200 मिलिग्रॅमच्या वर. पापडाचा खारही त्यातलाच.

एक गोष्ट उशाशी ठेवायची. किडनी थकली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून साखर अचानक उतरू शकते, बहुधा पहाटे. अशा वेळी सवयीने संत्र्याचा रस किंवा केळं देतात. आईंना ते द्यायचं नाही. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लुकोजचा डबा आणताना त्यात इतर क्षार मिसळलेले नाहीत ना ते बघा. साखर वारंवार उतरत असेल तर इन्सुलिनचा डोस कमी करायची वेळ आली आहे, तेव्हा डॉक्टरांना कळवा.

हे सगळं डायलिसिसवर नसलेल्या पेशंटसाठी. डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांचा हिशेब उलटतो, किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, आणि चारच्या खाण्यात उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग हा माझा पहिला पर्याय असतो. साडेतीन ग्रॅम प्रथिन, फॉस्फरस नावापुरता. तुमच्या घरात अंडं चालतं का ते लिहिलं नाहीत, आणि आज त्याची घाईही नाही.

आज करायच्या गोष्टी तीनच. डॉक्टरांना 5.6 सांगणं, मिठाचं पाकीट उलटून बघणं, आणि खारीची बरणी आतल्या खोलीत नेऊन ठेवणं. पुढचा रिपोर्ट आला की क्रिएटिनिनबरोबर वजनही कळवा, सकाळी चहाच्या आधीचं. पोटॅशियम 5 च्या आसपास स्थिर झालं तर लाल कॉलममधलं एकेक परत आणू. पहिलं काय आणायचं ते मात्र मी ठरवणार नाही, आईंना विचारून लिहा. माझा अंदाज टोमॅटोचा आहे.